जनावराच्या पोटातलं शिसं: खनिजांचा उपाय करण्याआधी आणि करताना

ट्रॅक्टरची जुनी बॅटरी गोठ्याच्या मागच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. कवच फुटलेलं होतं. दीड वर्षाची कालवड दाव्यातून सुटली आणि बॅटरी चाटत राहिली. शिशाचे क्षार चवीला गोडसर असतात, त्यामुळे जनावर त्यांच्याकडे परत परत जातं. तिसऱ्या दिवशी ती गव्हाणीला डोकं टेकवून उभी होती, करकर दात खात होती, आणि डोळ्यांसमोर हात हलवला तरी पापणी लवत नव्हती. हे आमच्याच गोठ्यात घडलं. कालवड वाचली नाही.

त्यानंतर बरेच जण म्हणाले, झिओलाइट दिलं असतं तर वाचली असती. तसं नव्हतं. तोवर वेळ गेलेली होती, आणि झिओलाइटचं ते कामही नव्हतं. पण खनिजांचा उपयोग होतो, नेमक्या जागी होतो, आणि ती जागा माहीत असेल तर खर्चही फार येत नाही. जे नव्याने गाई, शेळ्या, कोंबड्या पाळताहेत आणि ज्यांचा गोठा रस्त्याकडेला, भंगाराच्या वखारीजवळ किंवा कारखान्याच्या वाऱ्याखाली आहे, त्यांच्यासाठी मी हे क्रमाने लिहितो आहे. क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण पाचव्या पायरीपासून सुरुवात करतात.

खनिज नेमकं काय करतं

झिओलाइट आणि बेंटोनाइट ही दोन नावं तुम्हाला सगळीकडे दिसतील. दोन्ही ॲल्युमिनियम आणि सिलिकाची खनिजं. त्यांच्या सांगाड्यावर ऋण विद्युतभार असतो आणि तो सांभाळायला सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम यांचे धन आयन सैलसे अडकलेले असतात. शिशाचा किंवा कॅडमियम या दुसऱ्या विषारी धातूचा आयन जवळ आला की हा सैल आयन सुटतो आणि त्याच्या जागी शिसं बसतं. झिओलाइटमध्ये हे सूक्ष्म पोकळ्यांच्या जाळीत घडतं, बेंटोनाइटमध्ये पत्त्यांच्या कॅटासारख्या एकावर एक रचलेल्या थरांच्या मध्ये. मग ते शिसं खनिजासकट शेणावाटे बाहेर पडतं.

म्हणजे हा सगळा व्यवहार आतड्याच्या आत चालतो. खनिज रक्तात शिरत नाही, आणि त्याने शिरूही नये. जे शिसं आधीच रक्तात, यकृतात, मूत्रपिंडात आणि हाडांत गेलं आहे, ते हे खनिज ओढून काढत नाही. आज खाल्लेल्या चाऱ्यातलं शिसं ते अडवू शकतं, महिन्यापूर्वी खाल्लेलं नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

पहिली पायरी: जनावर आत्ता आजारी आहे का, ते पाहा

अचानक आंधळेपणा, भिंतीला डोकं लावून उभं राहणं, दात खाणं, कान आणि पापण्या थरथरणं, तोल जाणं, रवंथ बंद, आधी बद्धकोष्ठ आणि मग घाण वासाची हगवण, झटके. यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर खनिजाचं पोतं उघडू नका, डॉक्टरांना बोलवा. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला फोन करता येतो. रेबीज, थायामिनची म्हणजे जीवनसत्त्व बी-१ ची कमतरता आणि मॅग्नेशियम उतरणं यांतही अशीच चित्रं दिसतात. रेबीजची शक्यता असल्याने तोंडात हात घालू नका.

शिशाचं निदान झालं तर डॉक्टर कॅल्शियम डायसोडियम ईडीटीए, म्हणजे शिशाला बांधून लघवीवाटे बाहेर काढणारं औषध, शिरेतून देतात, सोबत थायामिन देतात. तोंडावाटे मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे एप्सम सॉल्ट, दिलं जातं. त्यातल्या सल्फेटमुळे पोटातलं विरघळलेलं शिसं न विरघळणाऱ्या शिशाच्या सल्फेटमध्ये बदलतं. खनिजाने शिसं अडवण्याची ही जुनी आणि साधी पद्धत आहे, पण मात्रा आणि वेळ डॉक्टरांच्या हातात राहू द्या. गाईच्या पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात शिशाचे तुकडे जड असल्याने तळाशी बसून राहतात आणि आठवडेच्या आठवडे झिरपत राहतात. कधी पोट उघडून ते काढावे लागतात. कुठलीही पूड त्यांना हलवत नाही.

दुधावरची वासरं सर्वात धोक्यात असतात. प्रौढ गाय खाल्लेल्या शिशाचा अगदी थोडा भाग, साधारण एक ते तीन टक्के, शोषून घेते. दूध पिणारं वासरू कितीतरी पटीने जास्त घेतं. त्यात वासराला सगळं चाटून बघायचं असतं. शोधाला निघालात की वासराच्या उंचीवर बसून गोठा पाहा.

दुसरी पायरी: शिसं येतंय कुठून

इथे एक पूर्ण दिवस घालवा. उगम बंद केला नाही तर खनिज देणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी भरणं.

बॅटऱ्या आधी. ट्रॅक्टरच्या, मोटारीच्या, इन्व्हर्टरच्या. एकही गोठ्याच्या आवारात नको. चारा कापणीच्या यंत्रात बॅटरीचा तुकडा गेला की तो सगळ्या कुट्टीत पसरतो आणि एकाच वेळी पाच-दहा जनावरं लागतात. मूरघासाच्या खड्ड्यावर दाब म्हणून काय ठेवलं आहे तेही पाहा.

मग राख. रंगवलेलं लाकूड, तारा, जुनी दारं जाळली की शिसं राखेत उरतं आणि राख खारट असल्याने जनावर ती चाटतं. शेकोटीची जागा गोठ्यापासून लांब असावी आणि राख पुरून टाकावी.

मग रंग. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० भाग प्रति दशलक्ष असावी, असा नियम भारतात २०१६ साली निघाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचे रंग मात्र लोखंडी गेटवर, खिडक्यांवर, बैलगाडीवर अजून आहेत, आणि औद्योगिक वापराचे रंग या नियमात येत नाहीत. पोपडे सुटत असतील तर ओल्या फडक्याने गोळा करा. कोरडं घासू नका, धूळ होते.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. पोळ्याला आपण बैलाची शिंगं रंगवतो. पूर्वी हिंगूळ लावत, आणि हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं सल्फाइड. आता ऑईल पेंट लावतात. बैल एकमेकांना चाटतात, शिंगं गव्हाणीला घासतात. बांधावरच्या म्हसोबाला शेंदूर असतो, आणि पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, तेही तेलात कालवलेलं. तेलाच्या वासाने वासरू त्या दगडाकडे जातं. सण सोडायचा नाही, देवही हलवायचा नाही. शिंगांना गेरू किंवा हळद लावता येते, आणि देवाच्या दगडाभोवती चार काट्या रोवून वासरांची वाट बंद करता येते. आमच्या बांधावर आता तसंच केलेलं आहे, आणि पुजाऱ्यांनीही आनंदाने मान्य केलं.

शेवटी माती. चरणारं जनावर गवताबरोबर माती खातं. ब्रिटनमध्ये झालेल्या मोजमापांत गाईंच्या कोरड्या आहारात दहा टक्क्यांपर्यंत आणि काही वेळा त्याहूनही जास्त माती आढळली. कुरण खुरटं झालं की प्रमाण वाढतं, म्हणजे आपल्याकडे मार्च ते जून. शिसं मातीतून हलत नाही. भारतात पेट्रोलमधलं शिसं २००० साली बंद झालं, पण जुन्या हमरस्त्यांच्या कडेच्या मातीत ते अजून आहे. जस्त-शिशाच्या भट्ट्यांजवळ तर प्रश्न फारच मोठा होतो. इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००५ साली वेगवेगळ्या प्रदूषित भागांतल्या दुभत्या गाईंचं रक्त तपासलं, तेव्हा सर्वाधिक शिसं अशाच भट्ट्यांभोवतीच्या गाईंत निघालं, आणि रक्तात जसं वाढलं तसं ते दुधातही वाढलेलं दिसलं.

रस्त्याकडेचा चारा आणायचाच असेल तर जमिनीलगत कापू नका, चार बोटं वरून कापा, झटका आणि शक्य असेल तर धुवा. कोंबड्यांना जुन्या घराच्या पडक्या भिंतीशी माती उकरू देऊ नका. शिसं अंड्याच्या बलकात उतरतं.

तिसरी पायरी: तपासणी, पैसे खर्च करण्याआधी

शिसं लाल पेशींना चिकटून असतं, म्हणून तपासायला सबंध रक्त लागतं, सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पाणी, चालत नाही. नमुना रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए किंवा हेपॅरिनच्या नळीत घ्यायला डॉक्टरांना सांगा. अहवालात ०.१ भाग प्रति दशलक्षपेक्षा कमी आलं तर काळजीचं कारण नाही. ०.३५ च्या वर गेलं आणि लक्षणंही असली तर विषबाधा धरतात. या दोन आकड्यांच्या मधली जनावरं दिसायला धडधाकट असतात, पण या लेखाचा खरा उपयोग त्यांनाच आहे.

पुण्याच्या औंध भागात पशुसंवर्धन खात्याची रोगनिदान प्रयोगशाळा आहे, आणि शिरवळ, परळ, नागपूर, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत विचारणा करता येते. धातूंची चाचणी प्रत्येक ठिकाणी होतेच असं नाही. एनएबीएल, म्हणजे प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेल्या खासगी प्रयोगशाळांतही ती होते. रक्ताबरोबर चारा, पाणी आणि खनिज मिश्रण यांचाही एकेक नमुना द्या. तिन्हीत कशात निघालं यावर पुढचं सगळं ठरतं, आणि फक्त रक्त तपासून थांबलात तर उगम कळतच नाही.

चौथी पायरी: आधी घरची खनिजं नीट करा

मला विचाराल तर सगळ्यात जास्त फायदा इथे आहे, आणि सगळ्यात कमी लोक इथे लक्ष देतात.

आतड्यात शिसं आणि कॅल्शियम एकाच दारातून आत जायला धडपडतात. आहारात कॅल्शियम आणि फॉस्फरस कमी असलं तर शिसं जास्त शोषलं जातं आणि शरीरात जास्त टिकतं. लोह कमी असलं तरी तसंच. कॅडमियमच्या बाबतीत जस्त तेच काम करतं. ज्या प्रथिनाला कॅडमियम बांधलं जातं, ते तयार व्हायला जस्तामुळे मदत होते, आणि शोषणातही दोघांची स्पर्धा असते. दावणीत कॅल्शियम, फॉस्फरस, जस्त पुरेसं असेल तर विषारी धातूंची वाट आपोआप अरुंद होते.

फॉस्फरसची अजून एक बाजू आहे. ते कमी पडलं की जनावर भिंती चाटतं, हाडं चघळतं, प्लास्टिक खातं, दोऱ्या खातं. डॉक्टर याला पायका म्हणतात. बॅटरीपर्यंत पोचणारं जनावर बहुधा आधी भिंत चाटत असतं. आमची कालवड महिनाभर खुंटा चाटत होती, आणि ते आम्ही खोड म्हणून सोडून दिलं. भिंत चाटणारं जनावर दिसलं की आधी खनिज मिश्रण सुरू करा.

गाभण आणि व्यायलेल्या गाईकडे जास्त लक्ष हवं. शरीरातल्या शिशाचा बहुतांश साठा हाडांत असतो. व्यायल्यावर दुधासाठी कॅल्शियम हाडांतून उतरतं, आणि त्याच्याबरोबर जुनं शिसंही. अशा गाईला कॅल्शियम उतरू न देणं हेच शिशावरचं औषध ठरतं.

खनिज मिश्रण घेताना पोत्यावर आयएस १६६४ हे भारतीय मानक आहे का ते बघा, आणि पशुखाद्यावर आयएस २०५२. इथे एक कळकळीची विनंती आहे. स्वस्तात मिश्रण घरी बनवायचं म्हणून खताच्या दुकानातून झिंक सल्फेट, सुपर फॉस्फेट किंवा रॉक फॉस्फेट आणू नका. खताच्या दर्जाच्या जस्तात शिसं आणि कॅडमियम येऊ शकतं. कच्च्या रॉक फॉस्फेटमध्ये फ्लोरिन आणि कॅडमियम असतं, आणि त्या फ्लोरिनने दात झिजतात, सांधे आखडतात, जनावर लंगडतं. जो धातू टाळायचा म्हणून आपण धडपडतो आहोत, तोच आपल्या हाताने दावणीत घालणं होईल. डायकॅल्शियम फॉस्फेटही पशुखाद्याच्या दर्जाचंच घ्या.

हे सगळं करून महिनाभर द्या. पुष्कळ गोठ्यांचं काम इथेच भागतं.

पाचवी पायरी: झिओलाइट आणि बेंटोनाइट निवडणं

उगम शोधला आहे पण पूर्ण बंद करता येत नाही, जमीनच तशी आहे, चारा तिथलाच आहे, अशा गोठ्यासाठी ही पायरी.

झिओलाइट हे नाव १७५६ साली स्वीडनच्या अॅक्सेल क्रोनस्टेट यांनी दिलं. तापवल्यावर दगडातून वाफ निघून तो फसफसताना दिसला, म्हणून ग्रीकमध्ये ‘उकळता दगड’. आपल्या महाराष्ट्राला हे दगड नवे नाहीत. दख्खनच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत स्टिलबाइट, ह्युलँडाइट अशी झिओलाइटं भरलेली आहेत. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणी, नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचं औरंगाबाद) भागातल्या विहिरी आणि दगडखाणी यांतले स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत. म्हणून कुणी सांगेल की विहिरीतून निघालेला पांढरा दगड कुटून द्या. देऊ नका. जनावरांसाठी वापरतात ते क्लिनोप्टिलोलाइट, आणि त्याचे मोठे थर ज्वालामुखीची राख पाण्यात साचून बनलेल्या खडकात सापडतात. आपल्या पोकळ्यांतलं ह्युलँडाइट त्याचं सख्खं भावंड आहे, सांगाडा सारखाच, पण सिलिकाचं प्रमाण कमी, आणि तापवल्यावर ते क्लिनोप्टिलोलाइटच्या कितीतरी आधी कोसळतं. शिवाय खाणीतल्या दगडात काय काय मिसळलेलं आहे हे डोळ्यांना कळत नाही. सगळी झिओलाइटं निरुपद्रवीही नसतात. तुर्कस्तानातल्या कॅपाडोशिया भागात एरिओनाइट नावाच्या तंतुमय झिओलाइटमुळे काही गावांत फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या आढळला.

बेंटोनाइटचा मुख्य घटक माँटमोरिलोनाइट. उन्हाळ्यात भेगा पडणारी आणि पावसात पायाला चिकटणारी आपली काळी जमीन याच घराण्यातली. तरीही शेतातली काळी माती जनावराला घालणं हा उपाय नाही. तिच्यात तणनाशक, कीटकनाशक, जंतांची अंडी असतात, आणि ती ज्या शेतातली असेल तिथलं शिसं तर तिने आधीच धरून ठेवलेलं असतं. मुलतानी मातीचंही तेच. पशुखाद्यासाठी म्हणून विकलं जाणारं, तपासलेलं बेंटोनाइट घ्या. भारतात ते कच्छ आणि बारमेरच्या खाणींतून येतं.

विक्रेत्याकडून कागद मागा. खनिज शिसं पकडतं, याचाच दुसरा अर्थ असा की खाणीत असतानाच त्याने शिसं पकडलेलं असू शकतं. प्रत्येक लॉटचा शिसं, कॅडमियम, आर्सेनिक, पारा यांचा अहवाल हवा. डायॉक्सिन या अतिविषारी रसायनाचाही हवा. १९९७ साली अमेरिकेत सोयापेंडीत गुठळ्या होऊ नयेत म्हणून मिसीसिपीच्या खाणीतली माती मिसळली होती, आणि त्या मातीतलं नैसर्गिक डायॉक्सिन कोंबड्यांत आणि तळ्यातल्या माशांत उतरलं. २००४ साली नेदरलँड्समध्ये बटाटे वेगळे करायला वापरलेल्या मातीतून डायॉक्सिन सालींत गेलं, सालींतून गाईंत, आणि दुधाच्या तपासणीत ते पकडलं गेलं. दोन्ही वेळा माती ‘नैसर्गिक’च होती.

दुसरा कागद धनायन विनिमय क्षमतेचा, म्हणजे खनिज किती धन आयन बदलून घेऊ शकतं याचा. बेंटोनाइटची ती १०० ग्रॅमला साधारण ७० ते १२० मिलीइक्विव्हॅलंट असते, चांगल्या क्लिनोप्टिलोलाइटची त्याहून जास्त. हा आकडा नसेल तर पोत्यात निव्वळ दगडाची भुकटी असू शकते.

कशावर उपयोग होतो, कशावर नाही

शिसं आणि कॅडमियम धन आयन म्हणून वावरतात, म्हणून यांच्यावर झिओलाइट चालतं. १९८३ मध्ये अमेरिकेत पाँड आणि येन या संशोधकांनी वाढत्या डुकरांच्या आहारात कॅडमियम दिलं. ज्यांना सोबत क्लिनोप्टिलोलाइट मिळालं, त्यांना कॅडमियममुळे येणाऱ्या रक्तक्षयापासून संरक्षण मिळालेलं दिसलं. २६ एप्रिल १९८६ च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर नॉर्वे आणि स्वीडनमध्ये रेनडिअर आणि मेंढ्यांच्या आहारात किरणोत्सारी सीझियम अडवायला बेंटोनाइट दिलं गेलं. पुढे ती जागा प्रशियन ब्लू या रंगद्रव्याने घेतली, कारण ते फार कमी मात्रेत तेच काम करतं. ते मानवनिर्मित आहे. सीझियमसाठी उत्तम, शिशासाठी त्याचा विचार करू नका.

आर्सेनिक पाण्यात ऋण आयन म्हणून किंवा विद्युतभार नसलेल्या रूपात असतं, म्हणून साधं झिओलाइट त्याला जवळजवळ हात लावत नाही. तिथे पाणी बदलणं हाच मार्ग. माशांच्या कुटीतून येणारा सेंद्रिय पाराही झिओलाइट धरत नाही. सेलेनियमचा पाऱ्याशी संबंध आहे, पण सेलेनियम स्वतःच थोड्या जास्तीने विषारी ठरतं, त्यामुळे घरच्या घरी त्याचा प्रयोग नको.

तांब्याचं प्रकरण वेगळं आहे आणि मेंढपाळांनी ते नीट वाचावं. मेंढी तांबं यकृतात साठवत जाते आणि एक दिवस ताण आला की ते सगळं रक्तात सुटतं. लघवी लाल-तपकिरी होते, डोळे पिवळे पडतात, दोन दिवसांत मेंढी जाते. मेंढ्यांना गाईंचं खनिज मिश्रण किंवा गाईंची चाटण वीट कधीही देऊ नका, त्यातलं तांबं त्यांना जास्त होतं. कोंबड्यांचं खाद्य आणि कोंबडखतही नको. तांब्यावर निसर्गाचा उतारा मॉलिब्डेनम आणि गंधक आहे. दोन्ही मिळून पोटात तांब्याला असं बांधतात की ते शोषलं जात नाही. हा उपचार डॉक्टरच करतात.

सहावी पायरी: मात्रा आणि देण्याची रीत

युरोपीय संघात क्लिनोप्टिलोलाइटची कमाल मर्यादा संपूर्ण आहारात किलोला १० ग्रॅम आहे, बेंटोनाइटची २० ग्रॅम. मी या मर्यादेच्या आतच राहा असं सांगतो. जास्त दिल्याने जास्त शिसं निघत नाही, उपयोगी खनिजं मात्र निघू शकतात. डेन्मार्कमध्ये कृत्रिम झिओलाइट-ए विण्याआधी देऊन पोटातलं कॅल्शियम मुद्दाम बांधायचा प्रयोग झाला, म्हणजे व्यायल्यावर गाय हाडांतून कॅल्शियम काढायला तयार व्हावी. झिओलाइट कॅल्शियमही धरू शकतं, याचा हा पुरावाच आहे.

आता आपला हिशोब. ४०० किलोची गाय दिवसाला साधारण १२ किलो कोरडा आहार खाते. तिची क्लिनोप्टिलोलाइटची वरची मर्यादा १२० ग्रॅम झाली. पहिला आठवडा ३० ग्रॅम, दुसरा ६० ग्रॅम, आणि बहुतेक वेळा तिथेच थांबा. शेळी दिवसाला किलोभर कोरडा चारा खात असेल तर तिला १० ग्रॅमच्या वर नको, ५ पासून सुरू करा. कोंबड्यांच्या खाद्यात १०० किलोला १ किलो ही वरची मर्यादा.

पूड नुसती गव्हाणीत टाकली तर ती तळाशी बसते आणि जनावर फुंकर मारून उडवतं. आधी किलोभर भरड्यात मिसळा, मग ते सगळ्या आंबोणात मिसळा आणि पाण्याचा हात मारा. मिसळताना तोंडाला मास्क बांधा, सिलिकाची धूळ फुप्फुसाला वाईट. पाणी चोवीस तास समोर हवं, विशेषतः बेंटोनाइट देत असाल तर, नाहीतर शेण कोरडं पडतं.

तोंडावाटे औषध चालू असताना खनिज बंद ठेवा. बेंटोनाइट मॅक्रोलाइड गटातली (टायलोसिन, एरिथ्रोमायसिन यांसारखी) प्रतिजैविकं धरून ठेवतं आणि औषध निष्फळ होतं. कोंबड्यांना रोबेनिडिन हे रक्ती हगवणीवरचं (कॉक्सिडिओसिस) औषध चालू असेल तेव्हाही नको. जंताचं औषध, प्रतिजैविक, काहीही असो, डॉक्टरांना सांगा की खाद्यात बेंटोनाइट आहे. बरेचदा हे सांगायचं राहूनच जातं.

खनिज मिश्रण सकाळी आणि झिओलाइट संध्याकाळी, असं वेगळं ठेवलेलं मला बरं वाटतं. दुधावरच्या वासरांना आणि विण्याच्या आधीच्या तीन आठवड्यांतल्या गाईला डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका.

सातवी पायरी: मोजत राहणं

सुरू करण्याआधीचा रक्ताचा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. सहा आठवड्यांनी त्याच जनावरांचं, त्याच प्रयोगशाळेत रक्त तपासा. आकडा उतरत असेल तर चालू ठेवा. जसाच्या तसा असेल तर मात्रा वाढवू नका, दुसऱ्या पायरीवर परत जा, उगम अजून उघडा आहे. आकडा सावकाश उतरतो, कारण हाडांतून शिसं महिनोन्‌महिने झिरपत राहतं.

दूध हा वेगळा विषय आहे आणि मनाला न पटणाराही. दुधातल्या शिशाची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोला ०.०२ मिलिग्रॅम आहे. बाधा झालेल्या गाईचं दूध, ती बरी दिसायला लागली म्हणून, विकू नका. घरातल्या लेकरांना तर मुळीच देऊ नका, शिसं लहान मुलांच्या मेंदूला फार कमी मात्रेत इजा करतं. वासरालाही ते पाजू नका. दुधाचा अहवाल नीट आल्यावरच कॅनमध्ये ओता. मेलेल्या जनावराचं यकृत आणि मूत्रपिंड कुत्र्यांना घालू नका, ते खोल पुरा.

आणि शेण. खनिजाने धरलेलं शिसं शेणाबरोबर बाहेर पडलेलं असतं. ते शेण ज्या शेतात चारा घेता तिथेच टाकलंत तर ते मातीतून परत गवतावर येतं. उपचार चालू असेपर्यंतचा उकिरडा वेगळा ठेवा. ते खत बांधावरच्या सागाला, बांबूला किंवा फुलझाडांना घाला. पालेभाजीला आणि चाऱ्याला नको.